खारेपाटात खांड गेली : विकायचं की बांधायचं?

भांडुपकर (रविवार, रात्री)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसता वाचत बसतो, पण आज डोकं चालेनासं झालंय म्हणून धागा काढतोय.

मी जन्माने आणि रेशनकार्डाने भांडुपचा. आजोबा पेण तालुक्यातून परळच्या गिरणीत आले, वडील तिथेच लागले, पुढे संप झाला आणि गिरणी संपली. गाव धरमतरच्या खाडीकाठी. सातबाऱ्यावर वडिलांच्या मागे माझं नाव आहे, एक एकर दहा गुंठे, भातजमीन. कसतो चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो. दरवर्षी दिवाळीनंतर तो येतो आणि एक गोण तांदूळ टाकून जातो. लालसर, जाड, कुकरच्या शिट्ट्यांना न जुमानणारा. आई होती तोवर त्याची पेज व्हायची. आता निम्मी गोण सोसायटीच्या वॉचमनकडे जाते, खोटं कशाला बोलू.

परवा पिठोरीच्या अमावास्येला पहाटे साडेचारला दादाचा फोन. "खांड गेली रे." अर्धवट झोपेत मला वाटलं, कुणी माणूस गेलं. मग म्हणाला, "पंधरा हात बांध गेला. भात पोटरीला आलेलं, सगळं खाऱ्याखाली." मी विचारलं, विमा काढला होतास का? तो काही बोललाच नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "गावकी बसलीय. घरटी एक माणूस नि एकरी पाच हजार ठरलेत. तू माणूस देनार का पैसे?"

त्याच दिवशी दुपारी पनवेलच्या एका एजंटचा व्हॉट्सॲप आला, जमीन देता का म्हणून. याला बातमी कुठून लागली कुणास ठाऊक.

दादा म्हणतो, तीन वर्षं जमीन उठणार नाही. खरं आहे का हे? आणि विकावी का? मला त्या जमिनीतलं काही म्हणजे काही कळत नाही.

मध्यरेल्वे (रविवार, रात्री)

माणूस देनार का पैसे! मुंबईकराला विचारावा असा एकच प्रश्न.

उघाडी (सोमवार, सकाळी)

मी अलिबाग तालुक्यातला, आता मुलुंडला निवृत्त. सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा.

खारेपाट म्हणजे पेण, अलिबाग, उरण, पनवेल या तालुक्यांतला खाडीलगतचा सपाट पट्टा. ही जमीन खाडीच्या तोंडातून काढलेली आहे. भरतीचं पाणी जिथवर चढायचं तिथे आपल्या पणज्या-खापरपणज्यांनी चिखलाचा बांध घातला, आत पावसाचं गोडं पाणी अडवलं, काही पावसाळे मीठ धुऊन काढलं आणि मग भात फेकलं. जुन्या कागदांत "शिलोत्री" असा शब्द दिसला तर तो याच बांधबंदिस्तीच्या जमिनीचा.

बांधात मोरी असते, तिला उघाडी म्हणतात. तिच्या तोंडाशी लाकडी झडप, वरून टांगलेली. भरती आली की खाडीचं पाणीच झडपेला दाबून बंद करतं. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. वीज नाही, मोटर नाही, दिवसातून दोनदा चंद्र चालवतो. मात्र झडपेत एखादा ओंडका अडकला, किंवा रात्री कुणी मासे धरायला ती उचलून खुंटी मारून गेला, की सकाळी शेत खारं. आमच्या लहानपणी यावरून डोकी फुटायची.

वरच्या गोड जमिनीसारखं इथे राब भाजणं, रोपं काढून लावणी करणं फारसं नसतं. बियाणं भिजवायचं, मोड आणायचे, पावसाने चिखल झाला की फेकून द्यायचं. याला रहू म्हणतात. तुमचा लाल तांदूळ बहुधा याच जमिनीतला जुना वाण. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने पनवेल १, २, ३ असे मीठ सोसणारे वाण काढले तेही या भागासाठीच. पण सोसणं म्हणजे थोडंसं. भर पोटरीत, म्हणजे लोंबी अजून पानाच्या आत असताना, खाडीचं पाणी उभं राहिलं तर कुठलाच वाण वाचत नाही.

आता तीन वर्षांचं. दादा घाबरवत नाहीये. उन्हाळ्यात जमीन तापली की खालचं मीठ ओलाव्याबरोबर वर चढतं, शेत पांढरं पडतं. ते धुवायला पावसाळेच लागतात. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो म्हणून दोन-तीन वर्षांत निदान उठते तरी. पण आधी खांड बुजली पाहिजे. ती उघडी राहिली तर रोज दोन भरत्या नवं मीठ आणून टाकतात, मग तीन काय नि तेरा काय.

टिळकपूल (सोमवार, दुपारी)

माहिती छान. पण भांडुपकर, भावनेत वाहू नका. सव्वा एकरात भात करून कुणाचं पोट भरतं? जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, पलीकडे विमानतळ झाला. शिवडीहून माणूस अर्ध्या तासात न्हावाशेव्याला. आता नाही तर कधी विकणार? पैसे मुलीच्या नावावर टाका, दादाला त्याचा वाटा द्या, विषय संपवा. तांदूळ काय, दादरला हवा तो मिळतो.

निवटी (सोमवार, संध्याकाळी)

टिळकपूल, आम्ही विषय संपवून बघितलाय. मी उरणची, आगरी, आता चेंबूरला असते. आमची शेतं नव्या शहरासाठी नि बंदरासाठी गेली. १९८४ च्या जानेवारीत जासई-दास्तानकडे गोळीबारात पाच जण गेले. दि. बा. पाटलांच्या त्या आंदोलनातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं ठरलं. आमच्याकडेही पैसे आले, दारात दोन गाड्या आल्या, काकाने हळदीला तीन दिवस डीजे लावला. आता गाड्या भंगारात, काका दुसऱ्याच्या गोदामात वॉचमन. पूर्वी स्वतःच्या भाताची राखण करायचा.

सगळ्यांचं असंच झालं असं नाही. काहींनी नीट केलं, त्यांची मुलं डॉक्टर-इंजिनियर झाली. पण "विषय संपवा" इतकं सोपं नसतं ते.

थोडं अवांतर. आमच्या बोलीत ड चा र होतो. घोडा घोरा, वाडी वारी. त्यामुळे खाडीही खारी नि खारट जमीनही खारी. आजी म्हणायची "आजा खारीन गेलाय", तर तो मासे मारायला गेला की शेतावर हे आम्हाला तो काय घेऊन येतो त्यावरून कळायचं. बहुतेक वेळा दोन्ही घेऊन यायचा. खांद्यावर भारा नि आत पोत्यात दोन चिंबोऱ्या.

मध्यरेल्वे (सोमवार, रात्री)

निवटी हा आयडी घेऊन तुम्ही आमच्यासारख्यांच्या पोटावर मारता. चिखलातली ताजी निवटी खाऊन किती वर्षं झाली! आणि शेततळ्यातला जिताडा? पूर्वी जावयाला आणि साहेबाला जिताडाच भेट जायचा म्हणतात.

उघाडी (सोमवार, रात्री)

म्हणतात कशाला, जायचाच. घराशेजारच्या तळ्यात खाडीतली पिल्लं आणून सोडायची, दोन-तीन वर्षं वाढवायची. माझ्या बहिणीच्या लग्नाला तळं उपसलं होतं. मुख्य विषयावर या.

कांदळ (मंगळवार, सकाळी)

एक गोष्ट कुणी लिहिली नाही आणि ती वेळेची आहे. खांड उघडी राहिली तर शेतात फक्त मीठ येत नाही, तिवरांच्या बियाही येतात. दोन-तीन वर्षांत कमरेइतकी तिवरं उभी राहतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये खारफुटी तोडायला बंदी घातली, २०१८ च्या निकालात ती कायम झाली, भोवतीचा पन्नास मीटरचा पट्टाही त्यात आला. म्हणजे सातबाऱ्यावर भातशेत, जागेवर कांदळवन. कसता येत नाही, तोडता येत नाही, धड विकताही येत नाही. पेण-अलिबागच्या खाडीकाठी असे कित्येक जण बसलेत.

मी स्वतः कांदळवनाच्या बाजूचा माणूस आहे. भांडुपकर, तुमच्या घरामागे ठाणे खाडीला जे तिवरांचं रान आहे ते टिकलं ते या निकालांमुळेच. पण फुटलेल्या बांधाची शिक्षा शेतकऱ्यालाच का, याचं उत्तर मला आजवर कुणी नीट दिलेलं नाही. तेव्हा विकायचं असो वा ठेवायचं, खांड याच महिन्यात बुजवा. आणि पाणी शेतात उभं असताना तारखेसकट फोटो काढा, तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या.

दासगावची (मंगळवार, दुपारी)

सगळे खारेपाटातच अडकलेत. अहो, रायगड जिल्ह्यात पंधरा तालुके आहेत! आमच्या महाड-पोलादपूरकडे खाडीचं मीठ नाही, डोंगराचं पाणी आहे. सावित्री चढली की महाडच्या बाजारपेठेत होड्या. २००५ च्या जुलैत दासगाव-जुईला दरड, २०२१ च्या जुलैत तळीयेला. तुमच्याकडे जमीन तीन वर्षांनी उठते तरी.

आमच्याकडे कुणबी जास्त. खाली नदीकाठच्या मळ्यात भात, वर वरकस जमिनीत नाचणी-वरी, भात काढलं की त्याच ओलीवर वाल. पुरुषमाणूस मुंबईत, गावकीच्या खोलीत पंधरा-वीस जणांत झोपणारा. माझे वडील डिलाइल रोडच्या अशाच खोलीत अकरा वर्षं होते. शेती आईने केली. नांगराला मात्र बाईने हात लावायचा नाही, म्हणून शेजारच्याला धान्य देऊन नांगरट करून घ्यायची. चिखलणीपासून झोडणीपर्यंत बाकी सगळं तिचं नि सातबारा मात्र काकांच्या नावावर.

बाहेरच्यांना रायगड म्हणजे किल्ला नाहीतर अलिबागचे बंगले. आणि २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची २६ लाख माणसं मोजली त्यातला चौथ्या हिश्शाहून जास्त वाटा एकट्या पनवेल तालुक्याचा. सरासरी काढली की आम्ही सगळे श्रीमंत.

टिळकपूल (मंगळवार, दुपारी)

पूर्वी नाव कुलाबा होतं ना जिल्ह्याचं? माझे आजोबा "कुलाबा जिल्हा" म्हणायचे आणि मला कित्येक वर्षं वाटायचं गेटवेच्या मागचा कुलाबा.

उघाडी (मंगळवार, रात्री)

तो अलिबागसमोरच्या पाण्यातला कुलाबा किल्ला. रायगड हे नाव १९८१ मध्ये झालं.

दासगावची यांचं म्हणणं मान्य. पण जमिनीवरून माणूस कसा घडतो ते बघायचं तर खारेपाटाइतकी जागा नाही. १९३३ मध्ये अलिबागजवळच्या चरीला शेतकऱ्यांनी संप केला. नारायण नागू पाटलांच्या मागे आजूबाजूची पंचवीस गावं गेली आणि खोताची जमीन कसायचीच नाही असं ठरलं. सहा वर्षं. लाकूडफाटा विकला, खाडीत मासे मारले, करवंदं खाल्ली, पण नांगर धरला नाही. डॉ. आंबेडकरांनी त्यांची बाजू घेतली. १९३९ चा कूळ कायदा आला त्यामागे हाही रेटा होता.

मी नेहमी विचार करतो, सहा वर्षं ही एकी टिकली कशी? माझं उत्तर (इतिहासकारांचं नव्हे) असं की या लोकांना बांधाची सवय होती. एका बांधामागे ज्यांची जमीन त्या सगळ्यांचा मिळून एक "जोळ" असायचा, बांधाची देखभाल त्याच्याकडे. उधाणाच्या रात्री कंदील घेऊन बांधावर फिरायचं, चिंबोरीचं बीळ दिसलं की तिथल्या तिथे चिखल मारायचा. शेजाऱ्याशी भांडण असलं तरी त्याच्या शेतासमोरचं बीळ बुजवावंच लागतं, कारण पाणी सातबारा बघून शिरत नाही. पुढे १९४८ चा खार जमिनींचा कायदा, मग १९७९ चा खारभूमी विकास कायदा. बांध योजनेतले झाले. कल्पना वाईट नव्हती, दगडी पिचिंग आलं, पक्क्या उघाड्या आल्या. पण बांध "आपला" राहिला नाही आणि बीळ बुजवायला कुणी उठेना. त्यात खाडीत मोठमोठ्या बार्जेस, रेतीचा उपसा. चिखल किती सोसणार?

२००८ च्या सप्टेंबरात पेणच्या बावीस गावांत सेझवर, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राला जमीन द्यायची का यावर, सार्वमत झालं. भांडुपकर, दादाला विचारा, त्याला आठवत असेल.

थळनवगाव (बुधवार, सकाळी)

उशिरा आलो. माणसांचा विषय निघालाच आहे तर बेने इस्रायली, म्हणजे इथले ज्यू, राहिले. नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून वाचलेल्यांचे आपण वंशज, असं ते सांगतात. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे म्हणून शनवार तेली. अलिबागला इस्रायल आळी आणि सिनेगॉग अजून आहे. माणसं बहुतेक इस्रायलला गेली. आमच्या शेजारच्या आजी गेल्या तेव्हा पेटीत सुका जवळा लपवून नेला असं आई सांगायची. धर्माने चालत नाही म्हणे त्यांना, पण... असो.

आणि कोर्लईला किल्ल्याखालच्या गावात पोर्तुगीजमिश्रित बोली घरात बोलतात, नौ लिंग नावाची. पलीकडे मुरूडला गेलात की जंजिऱ्याचं पूर्वीचं सिद्दी संस्थान. एका एसटीच्या प्रवासात इतकी माणसं बदलतात.

मध्यरेल्वे (बुधवार, सकाळी)

सुका जवळा +१. धाग्याचं सार्थक झालं.

वरळीची_खिंड (बुधवार, रात्री)

मी आयुष्यभर मुंबईत मलवाहिन्या आणि पर्जन्यवाहिन्यांचं काम केलं. टिळकपूल यांना एकच सांगतो. तुम्ही दादरला राहता म्हणजे बांधामागेच राहता. अठराव्या शतकात वरळी नि महालक्ष्मीमधली खिंड बांध घालून बंद केली, त्याआधी भरतीचं पाणी आत भायखळ्याकडे शिरायचं. पावसात हिंदमाताला पाणी का तुंबतं? बशीसारखी सखल जागा, बाहेर भरती, समुद्राकडची दारं बंद, आतल्या पावसाला वाट नाही. ही भांडुपकरांच्या दादाची उघाडीच, फक्त इथे वर पंप बसवलेत. खार नावाचं स्टेशन आहे, आग्रीपाडा आहे, भांडुप-कांजूरला मिठागरं आहेत. ही नावं उगाच पडत नाहीत.

टिळकपूल (बुधवार, रात्री)

हे मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं. तरी विकण्याबद्दलचं मत कायम!

भांडुपकर (बारा दिवसांनी)

मंडळी, माफ करा, गावाला होतो, रेंज येत-जात होती. सगळ्यांचे प्रतिसाद बांधावर बसून वाचले.

माणूस द्यायचं ठरवलं आणि पैसेही दिले. गणपती घरी दीड दिवसाचा केला आणि पेणची एसटी धरली. दादा म्हणाला, बरा आलास, गौरीत काम आहे. मला वाटलं पूजेचं. तर सप्तमी-अष्टमीला भांग असतो, म्हणजे भरती सगळ्यात कमी चढते, खांड बुजवायची तर त्याच तीन दिवसांत. त्यामुळे घरात बायका गौरी सजवतायत आणि बांधावर अख्खं गाव चिखलात. पोकलेन आणायची चर्चा झाली, पण म्हाताऱ्यांनी मोडीत काढली. त्याच्या वजनाने उरलेला बांधही बसला असता.

ओहोटी लागली की सुरू, भरती आली की वर. बांबूचे खुंट दोन रांगांत ठोकले, मधे पेंढ्याचे भारे, त्यावर चिखलाच्या गोणी. चिखल कुठलाही चालत नाही. खाडीच्या बाजूचा निळसर, चिकट लागतो, फावड्याने चौकोनी ढेप निघते आणि ती हातोहात पुढे जाते. मी रांगेत सातवा. तासाभरात पाठीचा काटा ढिला झाला. पुढचा माणूस मागे न बघता हात करतो, त्यात ढेप पडलीच पाहिजे, नाहीतर शिवी.

एक गोष्ट मात्र खटकली, ती लिहितो. घरटी एक म्हणून आलेल्यांत निम्मे माझ्यासारखे मुंबईकर, फोटो काढणारे. पाण्यात छातीपर्यंत उभं राहून खुंट धरायचं खरं काम वाडीवरच्या सहा कातकरी जोडप्यांनी केलं, रोजावर. दिवाळीनंतर ते वीटभट्टीवर जातील. बांधामागे त्यांचा एक गुंठाही नाही. मी दादाला विचारलं, गावकीत त्यांना बसवता का? म्हणाला, "तू चार दिवसांसाठी आलायस, ढेप दे."

भात गेलंच. दादाने शेतात नेलं, एक काडी उपटून पोटरी चिरून दाखवली. आतली लोंबी अजून हिरवी, कोवळी, पण शेंड्याला करपलेली. पंचनामा झाला, फोटो कांदळ यांनी सांगितल्यासारखे तारखेसकट काढले. कचेरीत मात्र दोन खेपा फुकट गेल्या. बांध योजनेतला की खासगी यावर दोन टेबलांचं एकमत होईना, तिसऱ्या टेबलावरचे साहेब गणपतीच्या रजेवर.

एजंटला तूर्त नाही कळवलं. टिळकपूल, तुमचा मुद्दा मला अजूनही पटतो, म्हणून "तूर्त". दादाच्या मुलाला रस नाही, तो रसायनीला कंपनीत आहे. दादा बासष्टचा. पुढचं पुढे.

या पौर्णिमेच्या उधाणाला नवा भराव टिकला. रात्री पावणेएकला दादाचा फोन, "हाय तसाच हाय." उघाडी यांना एक विचारायचं होतं. आमच्या झडपेचं लाकूड खालून कुजलंय, पाणी झिरपतं. गावात कुणी म्हणतं सागवानीच बसवा, कुणी म्हणतं आता फायबरची मिळते. खर्च वाटून घ्यायचाय, म्हणून विचारतो.

उघाडी (त्याच रात्री)

फायबरची हलकी असते, कचरा अडकला तर नीट बसत नाही असा आमच्याकडचा अनुभव. आमच्या गावच्या सुताराचा नंबर व्यनिने (खासगी निरोपाने) पाठवतो. मापं घेताना ओहोटीला जा आणि झडपेच्या आत हात घालू नका.